आलं गेलं

आमच्या घरात 'आलं गेलं' हे दोन शब्द कुणी जोडून उच्चारले की आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघून हसतो. समोरच्याला वाटतं, आल्यागेल्या पाहुण्यांबद्दल काहीतरी गंमत असेल. तसं काही नाही. गंमत मिसळणाच्या डब्याची आहे आणि ती घडली 1998 साली, इंग्लंडात. तेव्हा आम्ही बर्मिंगहॅमजवळ वॉल्सॉल नावाच्या गावी राहत होतो. ह्यांची तिथल्या एका इस्पितळात नोकरी होती. लेक दहा वर्षांची होती, आणि घराच्या भिंतींवर मुंगी शिरायलाही जागा नव्हती, कारण जिकडेतिकडे 'स्पाइस गर्ल्स' चिकटवलेल्या होत्या.

ज्या मैत्रिणींच्या मुली तेव्हा लहान होत्या त्यांना ही नावं सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पाच इंग्रज मुली. 1994 साली 'द स्टेज' नावाच्या नाटकवाल्यांच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, गाता-नाचता येणाऱ्या मुली पाहिजेत म्हणून. त्यातून ह्या पोरी निवडल्या गेल्या आणि एका घरात एकत्र ठेवून त्यांची तालीम सुरू झाली. (त्यातही पहिल्या पाचांतली एक गळली आणि तिच्या जागी दुसरी आली, हे नंतर लेकीनं मला पटवून सांगितलं होतं. त्याचा पुढे संबंध आहे.) पुढे पोरींचं ज्यांनी त्यांना एकत्र आणलं त्यांच्याशी काही पटेना. मग त्यांना सोडून त्या दुसरीकडे गेल्या, आणि 1996 च्या जुलैत त्यांचं 'वॉनाबी' हे पहिलं गाणं आलं. ते सात आठवडे इंग्लंडात पहिल्या नंबरावर होतं. त्यापुढची पाचही गाणी पहिल्या नंबरावर गेली. एका मासिकाच्या संपादकानं पाचजणींना टोपणनावं दिली, तीच जगभर झाली. एक पॉश, एक बेबी, एक खेळकरी म्हणून स्पोर्टी, एक स्केरी म्हणजे भीती घालणारी, आणि तांबड्या केसांची ती जिंजर. जिंजर म्हणजे आलं.

आमचे हे त्यांना 'मिसळणाचा डबा' म्हणायचे. "अहो, त्या तुमच्या मिसळणाच्या डब्याचा आवाज जरा कमी करा," असं ते लेकीला म्हणायचे. अहोजाहो करून बोलले की समजावं, रात्रपाळी करून आलेत.

जिंजर म्हणजे जेरी हॅलिवेल. पाचजणींत वयानं सगळ्यात मोठी, बोलायला पुढे, आणि लेकीचा सगळा जीव तिच्यावर. मला तिचं कौतुक वाटायचं ते वेगळ्या कारणानं. 1997 च्या फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्स म्हणून मोठा समारंभ झाला. त्यात तिनं ब्रिटनच्या झेंड्याचा आखूड झगा घातला होता, तो फोटो सगळ्या जगानं पाहिला. तो झगा कसा झाला होता माहीत आहे? मूळचा झगा काळा, महागातला. त्याच्यावर झेंड्याचं चित्र असलेलं भांडी पुसायचं फडकं तिच्या बहिणीनं शिवून दिलं होतं! साध्या पुसण्याचा पदर लावावा तसं. 1998 च्या सप्टेंबरात त्याचा लंडनला लिलाव झाला आणि 41,320 पौंड आले, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं पंचवीस लाखांच्या वर. पैसे दानाला गेले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं पुसणं धुवून इस्त्री करून ठेवलं.

आता शाळेतलं. लेकीच्या वर्गातल्या पाचजणींनी मधल्या सुट्टीत 'स्पाइस गर्ल्स' व्हायचं ठरवलं होतं. वाटप झालं. आमची लेक सावळी, केस कुरळे, म्हणून तिला न विचारताच 'स्केरी' केलं. तिला व्हायचं होतं जेरी. पण जेरीचा मान एका तांबड्या केसांच्या, अंगावर तीळच तीळ असलेल्या मुलीला. घरी येऊन लेक म्हणाली, "आई, मला सगळ्यांना घाबरवायचंच काम दिलंय." मी म्हटलं, "मग घाबरव चांगलं." दुसरं काय म्हणणार? मला राग आला होता, पण परक्या मुलखात कुठला राग बाहेर काढायचा आणि कुठला पिऊन टाकायचा याचा हिशोब बाई रोज करत असते. असो.

1998 च्या मे महिन्याच्या शेवटी जेरी दिसेनाशी झाली. लॉटरीच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात चौघीच आल्या. नॉर्वेत कार्यक्रम झाले तिथंही चौघीच. तिची तब्येत बरी नाही असं सांगत होते. आणि 31 मे, रविवार, त्या दिवशी वकिलाकरवी पत्रक निघालं. आमच्यात मतभेद झाले, मी सोडते आहे, बाकीच्यांना शुभेच्छा. संपलं. लेक टीव्हीसमोर बसली होती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "वकिलाकडून? स्वतः का नाही सांगितलं?"

हे पेपर वाचत होते. डोकं वर न करता म्हणाले, "आलं गेलं!"

मी खुदकन हसले. हसायला नको होतं. लेक उठून खोलीत गेली आणि दार आपटलं. रात्री ताटावरही आली नाही. आणि मी स्वयंपाकघरात भांडी विसळत उभी राहिले तर तिचा तो प्रश्न माझ्याभोवती माशीसारखा फिरायला लागला. स्वतः का नाही सांगितलं?

कारण मैत्रिणींनो, मी स्वतःही एका पाचजणींतून अशीच उठून आले होते.

आम्ही चौघी बहिणी आणि एक चुलतबहीण. अक्का, ताई, मी, माई आणि शेंडेफळ ते बेबी. (हो, आमच्यातही एक बेबी होती. लेकीला याचं फार अप्रूप.) मिरजेच्या ब्राह्मणपुरीत एका वाड्यात वाढलो. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची गल्लीच आहे. तिथं पोरगी गाणं शिको न शिको, सूर कानावर पडतोच. आम्ही काही शास्त्रोक्त शिकलो नाही. पण श्रावण आला की मंगळागौरीला आम्हा पाचजणींना आवतणं यायची. सांगली, कुरुंदवाड, इचलकरंजीपर्यंत जायचो. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सूप नाचवणं, घागर फुंकणं, पहाट होईपर्यंत. गाणं मी उचलायची. मी काळी पाचात सुरुवात करायची आणि बाकीच्या चौघी झेलायच्या. अक्काचा आवाज जाड, ती खालून धरून ठेवायची. अक्का नसती तर मी कुठच्या कुठं भरकटले असते, हे तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा वाटायचं, मी आहे म्हणून गाणं आहे.

1991 साली आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी मिरजेतच, घर दोन गल्ल्या सोडून. दुपारचं माझ्याकडे होतं. तिला पुसून काढायची, कूस बदलायची, पेज भरवायची. सकाळ-रात्र अक्का. माई आणि बेबी जमेल तशा यायच्या. ताईचा संसार इचलकरंजीला. असं दोन वर्षं चाललं.

1993 मध्ये ह्यांची इंग्लंडची नोकरी पक्की झाली. कागद मार्चमध्ये आले होते. निघायचं होतं जूनमध्ये. मी बहिणींना सांगितलं ते जायच्या आठ दिवस आधी.

का, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. रोज दुपारी ठरवायची, आज अक्काला सांगायचं. संध्याकाळी ती यायची, पदर खोचायची, आईचा डबा उचलायची. तिच्या पाठीकडे बघून माझी जीभ उचलायची नाही. शेवटी सांगितलं तेही स्वतः नाही. ह्यांनी अक्काच्या यजमानांना सांगितलं. म्हणजे वकिलाकरवीच म्हणायचं की!

अक्का काही बोलली नाही. निघायच्या दिवशी मला कुंकू लावलं, ओटी भरली, लेकीच्या हातावर पन्नास रुपये ठेवले. आणि मला म्हणाली, "दुपारचं मी बघते." एवढंच. 1995 च्या जानेवारीत आई गेली. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यानंतर अक्काचं पत्र नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसता अबोला. भांडण परवडतं हो. भांडणात निदान समोरच्याचा आवाज ऐकू येतो.

तर त्या जून महिन्यात लेकीच्या शाळेत काय झालं ते ऐका. सोमवारी शाळा उघडली. खेळातल्या पुढारीणबाईंनी, म्हणजे पॉशनं, जाहीर केलं की जेरी गेली म्हणजे आपलीही जेरी गेली. ती तांबड्या केसांची पोर दुसऱ्या सुट्टीपासून खेळायला नाही. तिनं कुठं काही सोडलं होतं? पण मुलांचा न्याय म्हणजे मोठ्यांच्या न्यायाची लहान मापाची चोळी. ती भिंतीवर पाय हलवत बसायची आणि चौघी समोर नाचायच्या. हे मला लेकीनं आठ दिवसांनी सांगितलं.

"आणि तू काय केलंस?"

"मी... मी काही म्हटलं नाही."

मला एकदम तिच्यात माझं तोंड दिसलं. मी रागावले नाही. म्हटलं, "शनिवारी तिला घरी बोलाव. थालीपीठ करते." ती आली. थालीपिठाला 'तिखट पॅनकेक' म्हणून तीन खाल्ली, लोण्याचा गोळा वेगळा. तेव्हापासून दोघींची जी गट्टी जमली ती अजून आहे. पण शाळेतल्या खेळात तिला कुणी परत घेतलं नाही, आणि आमची लेकही थोड्या दिवसांनी त्यातून सुटली. खेळच मोडला.

तिकडं खऱ्या चौघींनी मात्र खेळ मोडला नाही. त्यांचा अमेरिकेचा दौरा ठरलेला होता, तिकिटं विकली गेली होती. पंधरवड्यात, 15 जूनला, फ्लॉरिडात त्या चौघी उभ्या राहिल्या. लेक मला समजावून सांगायची की त्यांच्या गाण्यांत प्रत्येकीच्या ओळी वाटलेल्या असतात. ही ओळ हिची, ती ओळ तिची. मग जेरीच्या ओळींचं काय केलं? त्या चौघींनी आपसात वाटून घेतल्या. लेकीला हे फार लागलं होतं. "तिच्या ओळी म्हणतात, आई! जणू ती नव्हतीच!" मी म्हटलं, "अगं, मग काय तेवढ्यापुरतं गाणं थांबवायचं का?" म्हटलं खरं.

जुलैत 'विवा फॉरेव्हर' आलं आणि पहिल्या नंबरावर गेलं. पण ते आधीच पाचजणींनी गाऊन ठेवलेलं, चित्रफितीतही बाहुल्या होत्या, त्याही पाच. ते म्हणजे माणूस गेल्यावर हातात पडलेल्या त्याच्या पत्रासारखं. खरी परीक्षा पुढच्या गाण्याची होती, चौघींनीच गायलेल्या पहिल्या गाण्याची. सगळी वर्तमानपत्रं लिहीत होती की आता ह्यांचं संपलं. आधीच मार्चमध्ये त्यांचं सातवं गाणं दुसऱ्या नंबरावर अडकलं होतं, म्हणजे ओहोटी लागलीच होती. त्यात मागच्या वर्षीच त्यांनी आपल्या दुसऱ्या व्यवस्थापकालाही काढून टाकलं होतं. त्यात दोघींना दिवस गेलेले! हे वाचून मला त्या पोरींबद्दल पहिल्यांदाच बहिणीसारखी माया वाटली. एक घर सोडून गेली, दोघींना दिवस, आणि उरलेल्या घरानं उभं राहून दाखवायचं. असली घरं आपण पाहिलेली असतात.

आणि सप्टेंबरात मिरजेहून कॅसेट आली.

ताईच्या मुलीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं होतं. श्रावणात तिची पहिली मंगळागौर. मी जाऊ शकले नव्हते. ओळखीचे एक गृहस्थ इकडे येणार म्हणून माईनं त्यांच्याबरोबर मेतकुटाची पुरचुंडी, भाजणी आणि ही कॅसेट धाडली. चिठ्ठीत एक ओळ, 'जागरणाचं टेप केलं आहे, ऐक.'

तीन दिवस मी ती ऐकली नाही. भाजणीच्या डब्यामागे ठेवून दिली. चौथ्या दिवशी लेकीनं शोधून काढली आणि टेपमध्ये घातली. आधी बांगड्या, हसणं, कुणाचं तरी तान्हं रडतंय, 'अगं ते झाकण लाव गं' असा कुणाचा तरी आवाज. मग गाणं सुरू झालं. मी श्वास धरून बसले. मैत्रिणींनो, खरं सांगते, मी माझी रिकामी जागा ऐकायला बसले होते. मला वाटलं होतं, गाणं सुरू होईल आणि जिथं मी उचलायची तिथं एक खड्डा असेल. थोडं अडखळतील. निदान तेवढं तरी असेल.

खड्डा नव्हता. अक्कानं उचललं होतं. तिचा जाड आवाज काळी पाचला कसा पोचणार? म्हणून तिनं गाणंच खाली आणलं होतं, काळी तीनवर. माई, बेबी, ताई, तिघी तिच्याभोवती नीट बसल्या होत्या. गाणं तेच, पण अंग वेगळं. माझ्या वेळी ते उड्या मारत जायचं. आता ते जात्यासारखं फिरत होतं. आणि चांगलं होतं. तेच तर सहन होईना, की चांगलं होतं.

दुसऱ्या कडव्याला अक्का एक शब्द चुकली आणि सावरून घेतलं. तो शब्द आईच्या लाडका होता.

लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "आई, तुझ्या ओळी कोण म्हणतंय?"

"अक्कामावशी."

"तुला राग आला?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. मी उठले आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या अशा झाल्या होत्या की हे म्हणाले, "आज काय चामड्याचा कारखाना काढलाय?"

राग नव्हता. मत्सर होता, हे मी आज ह्या वयाला कबूल करते. आणि मत्सराच्या खाली, पातेल्याच्या बुडाशी करपू नये म्हणून आपण ढवळत राहतो ना, तसलं काहीतरी सुटल्यासारखं. पाच वर्षं मला वाटत होतं की माझ्यामुळे तिकडे सगळं बंद पडलं. ते बंद पडलं नव्हतं. मी गेले होते, आणि श्रावण येतच होता.

14 डिसेंबर, सोमवारी, चौघींचं गाणं बाजारात आलं. नाव 'गुडबाय'. आता नावच असं म्हटल्यावर ते जेरीला उद्देशूनच आहे असं सगळ्यांनी धरलं. इंग्लंडात नाताळच्या आठवड्यात पहिल्या नंबरावर कुठलं गाणं असतं याला फार मान. आपल्याकडे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला असावा तसा. आठवड्याभरात दुकानांत किती तबकड्या विकल्या गेल्या याची मोजदाद व्हायची आणि रविवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर व्हायचं. ह्या मुली 1996 आणि 1997, दोन्ही नाताळांना पहिल्या होत्या. सलग तीन वर्षं हे आधी फक्त बीटल्सना जमलं होतं, 1963 ते 65.

घेणार की नाही घेणार, यावर आमच्या घरी चार दिवस खल. जेरीशी बेइमानी नको म्हणून लेक अडून बसली. खाऊचे पैसे डब्यात खुळखुळवायची आणि परत ठेवायची. शेवटी शनिवारी ती तांबड्या केसांची मैत्रीण आली आणि म्हणाली, चला, वूलवर्थ्सला जायचंय. (ही वूलवर्थ्सची दुकानं म्हणजे सुई-दोऱ्यापासून गोळ्या-चॉकलेटपर्यंत सगळं. 2009 च्या जानेवारीत त्यांतलं शेवटचंही बंद झालं, मला घरचं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं.) मला वाटलं, तिला गोळ्या घ्यायच्या असतील. ती सरळ गाण्यांच्या फळीकडे गेली, 'गुडबाय' उचलली, स्वतःचे पैसे मोजले.

लेकीनं तिला विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?" ती म्हणाली, "गाणं ऐकलंस का आधी? छान आहे." झालं. पोरगी भिंतीवर सहा महिने बसली होती आणि तिच्या मनात काही नव्हतं. आमच्या लेकीनं मुकाट्यानं दुसरी तबकडी उचलली.

घरी येऊन ऐकलं. मला इंग्रजी गाण्यातलं फारसं कळत नाही, पण चाल संथ होती. पहिल्या गाण्यांतला धांगडधिंगा नव्हता. एकेकीचा आवाज सुटा सुटा ऐकू येत होता, गर्दी कमी झाल्यावर माणसं दिसावीत तसा. माझं मत विचाराल तर त्यांच्या सगळ्या गाण्यांत मला हेच आवडतं, लेकीला अजून पटत नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओजवळ तिघंही बसलो, हे धरून. खाली कुणा टीव्हीवरल्या चित्रांतल्या आचाऱ्याचं एक चावट गाणं त्यांच्या मागे लागलं होतं. नंबर जाहीर झाला, पहिला 'गुडबाय'. लेक नाचली. आठवड्याभरात तो आचारी वर चढला, पण नाताळ ह्यांनी घेतला होता.

त्या रात्री मी अक्काला फोन लावला. तेव्हा फोन म्हणजे मिनिटाचे पैसे. तिकडे पहाट होती. अक्का उठलेलीच असणार, बंबात जाळ घालत. तिनं उचलला.

"अक्का, मी."

"हं."

"कॅसेट ऐकली."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला घड्याळाचा काटा दिसत होता. मग ती म्हणाली, "थंडी आहे का फार तिकडं?"

"आहे."

"पायांत मोजे घालत जा. तुला भेगा पडतात."

एवढंच बोललो. पण बोललो. त्यानंतर महिन्याला एक पत्र येऊ लागलं, त्यात लोणच्याचं प्रमाण नाहीतर कुणाचं बाळंतपण. माफी मागायचं माझं राहूनच गेलं. 2004 मध्ये आम्ही कायमचे मिरजेला परत आलो तेव्हा तर विषयच निघाला नाही. बहिणींमध्ये माफीबिफी कुणी मागत नाही, वाटीभर आमटी इकडून तिकडे जाते. परत आल्यावर पहिल्या श्रावणात अक्कानं मला हाक मारली, "येतेस ना?" मी गेले. गाणं अक्कानंच उचललं, काळी तीनवरच. मी खालून धरलं. मला ते जमायला दोन वर्षं लागली.

तिकडं त्या मुलींचं म्हणाल तर 2000 साली चौघींची आणखी एक गाण्यांची तबकडी निघाली आणि मग ज्या त्या आपापल्या वाटेला गेल्या. जेरीची वेगळी गाणीही पहिल्या नंबरावर गेली. 1999 मध्ये एकदा तर ती आणि बेबी, दोघींची गाणी एकाच दिवशी बाजारात आली आणि जेरीचं वर गेलं. लेकीनं तेव्हा कुणाच्या बाजूनं व्हायचं म्हणून दोन्ही घेतली. पुढे 2007 मध्ये पाचजणी परत एकत्र आल्या. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी काळ्या टॅक्सींच्या टपांवर उभ्या राहून गायल्या, ते आम्ही मिरजेत टीव्हीवर पाहिलं.

2019 च्या जूनमध्ये लंडनच्या वेम्बली मैदानात त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. लेक तिकडेच नोकरीला. ती आणि ती तांबड्या केसांची, दोघी गेल्या होत्या, एकतीस वर्षांच्या घोड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. आवाज बसलेला, ओरडून ओरडून.

"आई, जेरीनं सगळ्यांसमोर माफी मागितली! सोडून गेले त्याबद्दल. म्हणाली, हे मी फार आधी म्हणायला हवं होतं."

"किती वर्षांनी गं?"

"एकवीस."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि अक्काकडे गेले. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, एका कानानं कमी ऐकू येणारी. मी तिच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसले आणि शेंगा फोडता फोडता तिला ही सगळी गोष्ट सांगितली. पाच मुली, तांबड्या केसांची, वकिलाचं पत्रक, काल रात्रीची माफी. माझं मला म्हणायचं होतं ते त्या गोष्टीच्या पाठीमागून सरकवायचा माझा विचार होता. अक्काला ते कळलं असणार. तिला सगळंच कळतं.

तिनं विचारलं, "मग आता पाचही आहेत का एकत्र?"

"नाही. ह्या वेळी ती जिंजर आली, पण पॉश आली नाही. चौघीच होत्या."

अक्कानं सुपातली टरफलं फुंकली. मग म्हणाली, "त्या कॅसेटीत मी दुसऱ्या कडव्याला चुकले होते. तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" असं म्हणून तिनं सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.